छापखाना, कॅसेट, मोबाईल : आपल्या शब्दाचा मालक कोण?

१९२० सालच्या जानेवारीत मुंबईहून ‘मूकनायक’ नावाचे एक पाक्षिक निघणार होते. ते निघत आहे एवढीच जाहिरात छापावी, तिचे पैसे घ्यावेत, अशी विनंती ‘केसरी’ला करण्यात आली. ‘केसरी’ने ती नाकारली. फुकट छापा असे कुणी म्हटले नव्हते. रोख पैसे देऊनही अस्पृश्यांच्या पत्राला त्या कागदावर चार ओळींची जागा मिळाली नाही. पुढे ‘बहिष्कृत भारता’त ही हकीकत बाबासाहेबांनीच नोंदवली आणि म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे.

दलित साहित्याचा इतिहास मांडताना आपण बहुधा काय लिहिले गेले याचा विचार करतो. जाणिवेचा, नकाराचा, विद्रोहाचा विचार करतो. ते योग्यच आहे. परंतु ते कोणाच्या कागदावर लिहिले गेले, कोणाच्या यंत्रावर छापले गेले, त्यासाठी पैसा कोठून आला आणि छापलेले पुढे कोणी जपून ठेवले, हे प्रश्नही तितकेच मूलगामी आहेत. ज्या समाजाला पाटी-पेन्सिलीपासून दूर ठेवले गेले, त्याच्या बाबतीत साधनाचा इतिहास हा साहित्याच्या इतिहासाचा परिशिष्ट-भाग होऊ शकत नाही. तो गाभ्याचा भाग आहे.

आज खेड्यातल्या शेतमजुराच्या मुलाच्या हातात मोबाईल आहे. त्याला लिहावेसे वाटले तर तो लिहितो, गावेसे वाटले तर गातो आणि क्षणात ते हजारोंपर्यंत जाते. जाहिरात नाकारणारा ‘केसरी’ आता वाटेत उभा नाही. मग १९२० चा प्रश्न सुटला काय? मला असे वाटते की तो सुटलेला नाही, त्याने रूप पालटले आहे. दार उघडले गेले, हे खरे. पण ज्या घराचे दार उघडले ते घर कोणाचे, हे विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

१

प्रारंभी आपला शब्द परक्यांच्या पानांवर उमटला. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग जातीची मुलगी होती. पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले आणि ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल त्या लहान मुलीने केला. त्यानंतर मुक्ताचे काय झाले? तिने आणखी काही लिहिले काय? आपल्या हाती तिचा तो एकच निबंध आहे, आणि तोही मिशनऱ्यांनी आपल्या पत्राच्या फायली सांभाळल्या म्हणून. तिच्या स्वतःच्या वस्तीला तो कागद सांभाळणे शक्यच नव्हते.

लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर ‘दीनबंधू’त लिहीत. हे सत्यशोधकांचे पत्र होते, म्हणजे मित्राचे घर होते, तरी स्वतःचे नव्हते. त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि मुरळ्या सोडण्याच्या रूढीविरुद्ध त्यातून मोहीम चालविली. मुरळी म्हणून वाहिल्या गेलेल्या एका स्त्रीचे पत्रही त्यांनी छापले. हे लहान वाटते, पण तसे ते नाही. जिच्याविषयी इतरांनी लावण्या रचल्या, अहवाल लिहिले, ती स्त्री येथे प्रथमच स्वतः बोलली. ती बोलू शकली, कारण पान आपल्या माणसाचे होते. नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढली, ती बंद पडली, त्यांनी पुन्हा नवी काढली.

या सर्व पत्रांचे मरण एकाच रोगाने झाले. वर्गणीदार गरीब, जाहिरातदार नाहीत, छापखान्याचे बिल थकलेले. आणि मेल्यानंतर त्यांचे दफनही नीट झाले नाही, कारण ग्रंथालयांना हे अंक जपण्याजोगे वाटले नाहीत आणि आपल्या घरात पावसाळ्यात माणूस कोरडा राहणे मुश्कील, तेथे कागद कोठून कोरडा राहणार?

२

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. त्याच वर्षी बाबासाहेब उरलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत ‘मूकनायक’ बंद पडले.

पुढची पायरी महत्त्वाची आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या दोन तारखांमध्ये अवघा पंधरवडा आहे. महाडला काय घडले याची हकीकत इतर पत्रे आपापल्या सोयीने छापीत होती. तळे बाटले, तळे शुद्ध केले, अस्पृश्यांनी आगळीक केली अशी भाषा चालू होती. ज्यांच्या डोक्यात लाठ्या बसल्या त्यांची बाजू मांडण्यास स्वतःचे पत्र हवे, हे त्या पंधरवड्याने सिद्ध केले. कृती झाली आणि तिच्या पाठोपाठ कृतीची नोंद करणारे साधन उभे राहिले. चळवळ आणि पत्र ही दोन्ही एकाच हाताची बोटे होती.

या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. वकिली, प्राध्यापकी आणि सार्वजनिक काम सांभाळून रात्री जागून लिहीत. वाचकांकडे पैशासाठी त्यांनी हात पसरला आणि तो पसरताना संकोच बाळगला नाही, कारण हे कर्ज लोकांनी फेडावयाचे आहे अशी त्यांची भूमिका होती. १९२९ च्या नोव्हेंबरात ‘बहिष्कृत भारत’ही थांबले. परंतु १९२८ मध्ये ‘समता’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ च्या फेब्रुवारीत ‘प्रबुद्ध भारत’ अशी साखळी चालू राहिली. त्यामागे ‘भारत भूषण’ हा आपला छापखाना उभा राहिला. धर्मांतरानंतर ‘बुद्धभूषण’ हे नाव पुढे आले. छापखाना असणे म्हणजे काय, हे ज्याने दुसऱ्याच्या दारात हस्तलिखित घेऊन फेऱ्या मारल्या त्यालाच कळेल. खिळे आपले, शाई आपली, जुळारी आपला. मजकुरातला शब्द बदला असे म्हणणारा तेथे कुणी नाही.

हे अंक विकत किती जणांनी घेतले यावरून त्यांची पोच मोजू नये. चाळीत, गिरणीच्या फाटकापाशी, महारवाड्यातल्या चावडीवर एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. निरक्षर माणूसही या अर्थाने वाचक होता. वाचन ही एकट्याने करावयाची गोष्ट आहे, हा पांढरपेशा समज आहे. आपल्याकडे ती मंडळीने करावयाची गोष्ट होती.

३

ऐकणारा हाच मोठा समाज होता, म्हणून छापील शब्दापेक्षा गाणे दूर गेले. सत्यशोधकांच्या जलशाचा वारसा घेऊन आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी गणगौळणीचा साचा मोडून तेथे शिक्षण, तळे, मंदिर, मतदारसंघ हे विषय आणले. वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून हजारो गीते रचली आणि गायिली. या माणसांना प्रकाशक नव्हता. वही हाच छापखाना आणि गळा हेच टपालखाते.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचे आवाज घरोघरी पोहोचले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकाने लागली. आकाशवाणीने ज्या गाण्यांना वेळ दिला नसता ती गाणी टेम्पोवर, लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत वाजू लागली. हे लोकांनीच घडविलेले प्रसारण होते.

परंतु कॅसेटने एक नवी गोष्टही आणली, आणि तिच्याकडे आपण तेव्हा पुरेसे पाहिले नाही. जलशात गाणे, गाणारा आणि ऐकणारा एका मांडवात असत. कॅसेट निघाली की गाणे वस्तू होते. ती वस्तू कंपनीची. कवीला ठोक रक्कम, पुष्कळदा तीही नाही. कितीतरी गीतांवरून रचणाऱ्याचे नाव गळून पडले. गाणे घरोघरी गेले आणि कवी आपल्या झोपडीत राहिला. आज मोबाईलच्या युगात जो प्रश्न आपण विचारतो आहोत त्याची पहिली खूण त्या प्लॅस्टिकच्या डबीत होती.

४

छापील साहित्याच्या बाजूला १९६० नंतर जे घडले त्याचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे. बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ १९६३ चे. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात दलित लेखक-विद्यार्थ्यांची चळवळ रुजली आणि तीतून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. मुंबईत ‘विद्रोह’, ‘आम्ही’ अशी अनियतकालिके निघाली. १९७२ साली ‘गोलपिठा’ आले, त्याच वर्षी दलित पँथर आली. १९७८ साली ‘बलुतं’ आले.

या काळाचे एक वैशिष्ट्य आज विसरले जात आहे. प्रस्थापित नियतकालिकाचा संपादक आपल्याला ‘साभार परत’ची चिठ्ठी पाठवी. आपल्या नियतकालिकाचा संपादक पत्र पाठवी. ही ओळ काढून टाक, हा अनुभव आणखी खोलवर जाऊन लिही, तुझ्या बोलीतला शब्द बदलू नकोस, प्रमाण मराठीची भीती बाळगू नकोस, असे तो सांगे. पहिला संपादक द्वारपाल होता, दुसरा शिक्षक. आज द्वारपाल गेला याचा आनंद मानताना शिक्षकही गेला, हे आपल्या ध्यानात येत नाही.

स्त्रियांच्या वाट्याला यातले काहीच सहज आले नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात माल बांधायला आलेली रद्दीची वर्तमानपत्रे वाचीत. स्वतःचे लेखन त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. ते ‘स्त्री’ मासिकातून १९८२ मध्ये बाहेर आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. जातीचा पहारा बाहेर, पुरुषाचा पहारा घरात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांना प्रत्यक्ष भेटून, त्यांचे बोलणे टिपून ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या दोघी गेल्या नसत्या तर ते बोलणे त्या बायकांबरोबर मातीत गेले असते.

५

आता डिजिटल माध्यमाकडे वळू. मराठीत ते एकदम अवतरले नाही. १९९० च्या दशकात संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा प्रत्येक कंपनीचा फाँट निराळा होता. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत साठविलेले असे भलतेच रोमन चिन्ह. तो फाँट ज्या संगणकात नाही तेथे धारिका उघडली की नुसता चिन्हांचा कचरा. युनिकोडने प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. त्यात देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला तरी मराठी माणसाच्या रोजच्या वापरात तो यायला २००० नंतरची वर्षे उजाडली. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला संगणकावर आणि पुढे मोबाईलवर मराठी लिहिता येऊ लागले, ते यामुळे. ही तांत्रिक बाब वाटते, पण साक्षरतेच्या इतिहासात तिची नोंद व्हावयास हवी.

या माध्यमाची ताकद आपल्याला प्रथम कळली ती एका भीषण प्रसंगात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरंभी या घटनेची दखल गावातला एक गुन्हा एवढीच घेतली गेली, वर मृत स्त्रीच्या चारित्र्याची कुजबुज पसरविण्यात आली. कार्यकर्त्यांनी स्वतः गावात जाऊन अहवाल तयार केले. ते अहवाल आणि छायाचित्रे ई-मेलने, मोबाईलच्या संदेशांनी, हातोहात फिरली. नोव्हेंबरात विदर्भात लोक रस्त्यावर उतरले ते कोणा मोठ्या नेत्याच्या हाकेने नव्हे. १९२७ साली महाडची बाजू मांडण्यासाठी पत्र काढावे लागले होते. २००६ साली पत्र काढण्याची वाट पाहावी लागली नाही.

पुढे दहा वर्षांनी, १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने जीवन संपविले. त्याचे अखेरचे पत्र त्याच रात्री मोबाईलवरून देशभर गेले. विद्यार्थ्यांनी ‘संस्थात्मक हत्या’ हा शब्द रूढ केला. रोहितने फेसबुकवर जे लिहून ठेवले होते त्याचे २०१७ मध्ये ‘कास्ट इज नॉट अ रूमर’ नावाने पुस्तक झाले. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थांबून विचार करावा. ‘बलुतं’ हे मागे वळून लिहिलेले आत्मकथन आहे. लेखक जगला, मग त्याने आठवले, मग लिहिले. रोहितच्या नोंदी त्या त्या दिवशीच्या आहेत. त्यात राजकारण आहे, विनोद आहे, विज्ञान आहे, मित्रांशी भांडण आहे, आणि शेवट ठाऊक नसलेला माणूस त्या लिहीत आहे. आत्मकथनाच्या या नव्या प्रकाराला आपल्या समीक्षेने अजून नावही दिलेले नाही.

त्याच वर्षी ११ जुलैला गुजरातमधील उना येथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून, बांधून मारण्यात आले. त्याचे चित्रीकरण मारणाऱ्यांनीच केले आणि अभिमानाने पसरविले. ते पाहून देश हादरला, अहमदाबादहून उनापर्यंत मोर्चा निघाला, मेलेली जनावरे न उचलण्याच्या शपथा घेतल्या गेल्या. पण मारणाऱ्याला ते चित्र पसरवावेसे का वाटले, हेही विचारले पाहिजे. त्याच्या लेखी मोबाईल हा गावच्या चव्हाट्याचाच विस्तार होता. पूर्वी दवंडी पिटत, आता व्हिडिओ टाकतात. साधन दोघांच्याही हातात आहे. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाची हत्या झाली, आणि तिचे निमित्त त्याच्या मोबाईलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनचे होते अशा बातम्या आल्या. खिशातले गाणेही ज्यांना सहन होत नाही, त्यांच्या हातातही तोच मोबाईल आहे. विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळांवर जात-पोटजात निवडण्याचा रकाना आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखविले. यंत्राने मात्र स्वजातीचे स्थळ शोधण्याचे काम महिन्यांवरून मिनिटांवर आणले.

तरीही जमेची बाजू मोठी आहे. बुंदेलखंडात २००२ साली ग्रामीण स्त्रियांनी, त्यांत बहुसंख्य दलित, ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू केले आणि पुढे कागद सोडून त्या मोबाईलवर बातम्या चित्रित करू लागल्या. २०२१ मध्ये मीना कोतवाल या दलित स्त्री-पत्रकाराने ‘द मूकनायक’ याच नावाने नवे माध्यम उभे केले. मराठीत तर कविता पुन्हा गळ्याकडे आली आहे. तरुण कवी मोबाईलसमोर उभा राहून बोलतो, त्याच्या बोलीसह, हातवाऱ्यांसह. जलसा संपला असे आपण म्हणत होतो, तो दुसऱ्या मांडवात उभा राहिला. अट्रॉसिटी कायद्याच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इंटरनेटवर केलेला जातीय अपमानही सार्वजनिक ठिकाणी केलेला अपमान ठरू शकतो, असा निर्णय दिला. कार्यकर्त्यांनी तो ध्यानात ठेवावा.

मात्र ‘सर्वांच्या हातात मोबाईल’ हे वाक्य जपून वापरावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांचा फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा. बेबीताईंनी लिहिलेले कागद लपवावे लागत. आजच्या बाईला आपले लिहिणे पुसावे लागते. या दोन गोष्टींत फार अंतर आहे असे मला वाटत नाही.

६

आता घरमालकाकडे येऊ.

फेसबुक, यूट्यूब, ट्विटर ही आपल्याला चौक वाटतात. चौक सार्वजनिक असतो. ही खाजगी जागा आहे आणि आपण तेथे भाडेकरू आहोत. भाडे पैशात द्यावे लागत नाही म्हणून ते लक्षात येत नाही. आपले लक्ष, आपला वेळ, आपली माहिती हेच भाडे. आणि भाडेकरूला कधीही बाहेर काढता येते.

उदाहरणे घ्या. याहूच्या ग्रुपांवर आणि ऑर्कुटवर आपल्या तरुणांनी प्रारंभीची वर्षे काढली. तेथे वाद झाले, अत्याचारांच्या बातम्या जमविल्या गेल्या, नवशिक्यांनी कविता लिहिल्या. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. याहूने २०१९ च्या डिसेंबरपासून ग्रुपांवरचा साठा पुसला आणि वर्षभरात ते दालनच मिटविले. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह एकोणसाठ ॲप्सवर बंदी घातली. बंदीच्या कारणांशी येथे कर्तव्य नाही. पण शहरी अभिजनांनी ज्याची टिंगल केली त्या टिकटॉकवर खेड्यातल्या, वस्तीतल्या, दलित-आदिवासी मुलामुलींनी जी कला दाखविली ती एका रात्रीत दिसेनाशी झाली. ‘सोमवंशीय मित्र’चे अंक वाळवीने खायला काही दशके लागली. येथे ती वेळही लागली नाही.

घरमालकाची नजरही पाहून ठेवावी. २०१८ च्या नोव्हेंबरात ट्विटरच्या प्रमुखाने भारतभेटीत ब्राह्मणी पितृसत्तेचा निषेध करणारे, एका दलित कार्यकर्तीने भेट दिलेले भित्तिचित्र हाती धरून छायाचित्र काढले. येथील वरिष्ठ वर्गाने एवढा गहजब केला की कंपनीच्या उच्च अधिकारी स्त्रीने माफी मागितली. २०२२ मध्ये गुगलमध्ये दलित इतिहास महिन्यानिमित्त ठरलेले जातिप्रश्नावरचे व्याख्यान काही कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाले आणि ते आयोजित करणाऱ्या अधिकारी स्त्रीने राजीनामा दिला. यंत्राला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी यंत्राच्या दिवाणखान्यात कोण बसले आहे तेही पाहावे.

आणि पैसा? तामिळ दलित कवी-गायक अरिवु याने आपल्या आजीच्या, चहाच्या मळ्यात राबलेल्या पिढीच्या आठवणीतून २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे रचले. ते कोट्यवधी वेळा ऐकले-पाहिले गेले. २०२४ मध्ये त्याच्या संगीतकाराने जाहीरपणे सांगितले की या गाण्याच्या उत्पन्नातून आम्हा कलावंतांना एक पैसाही मिळालेला नाही. कॅसेटच्या काळातला कवी येथे पुन्हा भेटतो. डबी बदलली, हिशोब तोच.

७

मग काय करावयाचे? मोबाईल टाकून पुन्हा खिळे जुळवावयाचे काय? तसे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. बाबासाहेबांनी परक्या साधनांचा तिरस्कार केला नाही, पण त्यांच्यावर विसंबूनही ते राहिले नाहीत. दुसऱ्याच्या व्यासपीठावर बोलावे, परंतु शब्दाची मूळ प्रत आपल्या घरात असावी, हा त्यांच्या पत्रव्यवसायाचा धडा आहे.

जपणुकीचे काम होऊ शकते याचे दाखले आपल्यापुढे आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन-भाषण खंडरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यामागे वसंत मून यांची तपश्चर्या होती. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे उपलब्ध अंक १९९० मध्ये एकत्र छापले गेले म्हणून आज विद्यार्थ्याला ते वाचता येतात. इंग्रजी खंड इंटरनेटवर मोफत मिळतात. २०१६ च्या अखेरीस बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत संपली. ते आता कोणालाही छापता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावसारख्या ठिकाणच्या दलित बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर आवाजासह ऐकता येतात. ज्या बाईला लिहिता आले नाही तिचा आवाज तिच्या नावानिशी, गावानिशी टिकला. डिजिटल माध्यमाचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. शासनाच्या खंडांचे प्रकाशन रखडल्याची दखल २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. २०१६ च्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखान्याची वास्तू एका रात्रीत पाडली गेली. त्याविषयी कोणत्या गटाचे म्हणणे काय आहे, यात मी येथे शिरत नाही. ज्या ठिकाणी आपला शब्द छापला गेला ते ठिकाण आपण सांभाळू शकलो नाही, एवढे मात्र सर्वांनीच मान्य करावयास हवे. घरमालक वाईट, सरकार उदासीन, हे खरेच. परंतु आपण स्वतः काय जपले?

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक या तिघांपुढे मी तीन साधी कामे ठेवतो. कार्यकर्त्यांनी अत्याचाराच्या घटनेचे जे चित्रण, जे अहवाल, जे फिर्यादीचे कागद मोबाईलवर येतात ते तेथेच सोडू नयेत. तारीख, गाव आणि टिपणाऱ्याचे नाव लिहून त्याची प्रत किमान दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी आणि एक कागदावर काढावी. न्यायालयात आणि इतिहासात शेवटी तीच उपयोगी पडते. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे, विशेषतः बायकांकडे, मोबाईल घेऊन बसावे. धर्मांतर पाहिलेली, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेली, जलशात गायिलेली माणसे दर वर्षी कमी होत आहेत. शिक्षकांनी घरोघरी पेट्यांतून पडलेली अनियतकालिके, जयंतीच्या स्मरणिका, गायकांच्या वह्या, जुन्या फाँटमधल्या धारिका गोळा करून त्यांच्या युनिकोड आणि छायाचित्र प्रती कराव्यात, आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांना क्रमांक देऊन ठेवावे. यास मोठे अनुदान लागत नाही. चिकाटी लागते.

आणि चौथे काम आपल्या नियतकालिकांचे. द्वारपाल नको, पण शिक्षक हवा. मोबाईलवर लिहिणाऱ्या मुलाला शेकडो अंगठे मिळतात. पण ही ओळ कच्ची आहे, ही पुन्हा लिही, असे त्याला सांगणारा वडीलधारा मिळत नाही. त्रैमासिकांनी तेथे जाऊन ते लेखन वाचावे, निवडावे, लेखकाशी बोलावे आणि कागदावर आणावे. पान लहान असेल, वर्गणीदार थोडे असतील. ‘मूकनायक’चे तरी किती होते?

मुक्ता साळवेचा निबंध आपल्याला मिळाला तो दुसऱ्यांनी फाईल जपली म्हणून. तिने दुसरा निबंध लिहिला असेल तर तो आपल्याला कधीच मिळणार नाही. आज तिच्या वयाची एखादी मुलगी वस्तीतल्या कोपऱ्यात बसून मोबाईलवर काहीतरी लिहीत असेल. आणखी पावणेदोनशे वर्षांनी ते कोणी वाचू शकेल की नाही, हे ठरविणे आता आपल्या हातात आहे.